पाच आठवडे झाले, अजून बरं का वाटत नाही?

इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. चोवीस वर्षं सिगरेट ओढली, रोज साधारण पंधरा. दत्तजयंतीला सकाळी पाकीट कचऱ्याच्या गाडीत टाकलं, त्यानंतर एकही नाही. आता पाच आठवडे झालेत. ते लिहितात: "पहिला आठवडा डोकं हलकं वाटायचं, कुणावरही खेकसायचो. ते गेलं. पण आधी नव्हता तो खोकला लागलाय, सकाळी तपकिरी कफ पडतो. तोंड आलंय, पोह्यांवर जिरावन मसाला घालायची सोय नाही. पोट साफ होत नाही. रात्री दोनला जाग येते आणि छाती धडधडत राहते. वजन तीन किलो वाढलं. सिगरेटच्या जागी चहा घेतो, आठ-नऊ कप होतात. बायको म्हणते, 'ओढत होतात तेव्हाच बरे होतात.' चहाच्या गुमटीवरचा मित्र म्हणतो, 'भिया, बॉडी को आदत है, एकदम छोड़ोगे तो बिगड़ेगी ही.' त्याच्या काकांनी सिगरेट सोडली आणि तीन महिन्यांत ते गेले. एकदम सोडून मी चूक केली का? दिवसाला दोनच ओढून शरीराला हळूहळू सवय लावली तर चालेल का?" आणि सहीच्या वर, जाता जाता, एक ओळ: "मागच्या आठवड्यात कफात दोनदा लाल रेघ दिसली, खोकून घसा सोलला असेल."

नमस्कार.

तुमची सहीच्या वरची ओळ मी आधी घेतो. कफात रक्त दिसलं तर ते सिगरेट सोडल्याच्या खात्यावर टाकायचं नाही. सोडल्यावर खोकला वाढू शकतो, कफ वाढू शकतो, पण रक्त हे त्या यादीत नाही. घसा सोलला असेल, हिरडीतून आलं असेल, श्वासनलिकेला सूज असेल. पुष्कळदा असंच काही किरकोळ निघतं. पण चोवीस वर्षं धूर घेतलेल्या छातीबद्दल हा अंदाज घरी बसून बांधायचा नसतो. दोन-तीन दिवसांत छातीच्या डॉक्टरांना दाखवा. एमवाय या सरकारी रुग्णालयात जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन कुठे खासगीत जा, पण जा. एक्स-रे काढतील, थुंकी तपासतील, गरज वाटली तर सीटी स्कॅन सांगतील. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की आपल्याकडे क्षयाची तपासणी करायचीच असते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तुमचा खोकला तर त्याच्या पुढे गेलाय. रेघेच्या जागी चमचाभर रक्त आलं, तर मात्र दोन-तीन दिवसही नाहीत, त्याच वेळी निघायचं.

अपॉइंटमेंट घेतलीत असं धरून पुढचं लिहितो.

मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो. तिथून एक गोष्ट मला पाठ झाली. एखादा गृहस्थ सोमवारी तोंडात लावायची ट्यूब नेतो, पुढच्या आठवड्यात इसबगोल, मग खोकल्याचं सिरप, आणि एक दिवस हळूच विचारतो, "झोपेचं काही हलकं मिळेल का, बिनचिठ्ठीचं?" (मिळत नाही.) मी विचारायचो, "सिगरेट सोडलीत का?" माणूस चमकायचा. त्याच्या हिशेबी ती चार वेगळी दुखणी होती. तुमचं उलट झालंय. तुम्ही सगळ्या तक्रारींचं एकच गाठोडं बांधून त्यावर "सिगरेट सोडल्यामुळे" अशी चिठ्ठी लावलीत. ते गाठोडं आता सोडवायचं आहे, कारण आतल्या प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी आणि उपायही वेगळा.

निकोटिन रक्तातून फार लवकर जातं. साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपतं. त्याच्या जाण्याने जो त्रास होतो, म्हणजे चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, उदास वाटणं, तो पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक तेवढी जास्त दिवस टिकते. तुमचं डोकं हलकं होणं, खेकसणं पहिल्या आठवड्यानंतर गेलं, म्हणजे तुमचं वेळापत्रक अगदी पुस्तकातल्यासारखं चाललंय. सगळ्यात अवघड भाग तुम्ही पार केलात, तोही कुणाच्या मदतीशिवाय, आणि पत्रात त्याला एक ओळही दिली नाहीत.

"एकदम सोडलं म्हणून बिघडलं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते येतं कुठून हेही मला आता ठाऊक आहे. ते दारूवरून येतं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. लोकांनी तो नियम सिगरेटला लावला. सिगरेट एकदम सोडल्याने त्रास होतो, धोका होत नाही. उलट एकदम सोडणारे आणि कमी करत करत सोडणारे यांची तुलना झाली आहे, आणि एकदम सोडणारे थोडे जास्त टिकलेले दिसले.

आता ते काका. ते गेले याचं वाईट वाटतं, आणि तुमचा मित्र खोटं बोलत नसणार. पण त्यांनी सिगरेट सोडली कधी? आपल्याकडची कितीतरी माणसं धाप लागली, छातीत दुखलं, डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून मान हलवली, की मग सोडतात. आजार आधी आलेला असतो, सोडणं मागून येतं. घरच्यांना मात्र क्रम उलटा आठवतो. मित्राला विचारून बघा, काकांनी सोडायच्या आधी काही होत होतं का. उत्तर काय येईल यावर मी पैज लावणार नाही, पण अंदाज आहे.

आणि दिवसाला दोन. त्यात हिशेब असा दिसतो की पंधराच्या जागी दोन म्हणजे धोका सातपट कमी. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगरेटच्या संख्येबरोबर बराच खाली येतो, पण हृदय असा भागाकार करत नाही. रोज एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा. शिवाय दोन झुरक्यांत मेंदूतल्या निकोटिनच्या निम्म्या जागा भरतात. म्हणजे दत्तजयंतीपासून जे सोसलंत ते रोज सकाळी थोडं थोडं पुन्हा सोसायचं, आणि तेही "हळूहळू सवय लावतोय" या समजुतीत. सवयच लावायची असेल तर ती पाच आठवड्यांपूर्वी लागलेली आहे.

खोकला. श्वासनलिकेच्या आतून केसांहून बारीक तंतू असतात, ते सतत हलत राहतात आणि धूळ, कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. चोवीस वर्षं ते अर्धमेले होते म्हणून तुम्हाला खोकला नव्हता. फुप्फुसं स्वच्छ होती म्हणून नव्हे. आता ते पुन्हा हलू लागलेत आणि साठलेलं वर येतंय. रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, संपल्यावर राजवाड्यासमोरून पालिका रंगाचा चिखल उपसते, तो चिखल पालिकेने केलेला नसतो. हे काही आठवडे चालतं, काहींना दोन-तीन महिने, आणि खोकला-दम दोन्ही पुढच्या काही महिन्यांत कमी होत जातात. तोवर कोमट पाणी भरपूर प्या, झोपण्याआधी वाफ घ्या. कफ पडत असताना खोकला दाबणारं सिरप घेऊ नका. तो बाहेर यायचा आहे आणि तुम्ही दारात कुलूप लावताय. माझ्या दुकानातून ही चूक रोज विकली जायची. आता जानेवारीतली सकाळची गार हवाही खोकल्याला चिथावते, तेव्हा फिरायला जाल ते ऊन पडल्यावर. तपकिरी रंग हळूहळू फिका व्हायला हवा. तो हिरवा-पिवळा होऊन ताप आला, शिट्टीसारखा आवाज यायला लागला, किंवा वजन वाढण्याऐवजी उतरायला लागलं, तर ही सफाई नव्हे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तरी दाखवायचं. पण तुम्ही डॉक्टरांकडे जातच आहात, हे सगळं तिथे सांगा.

तोंड येणं सिगरेट सोडणाऱ्या खूप जणांना होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून घाबरतात. मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि आपोआप जातं. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चारदा खळखळून चुळा भरा. लसूण शेव, जिरावन, हिरवी मिरची काही दिवस बाजूला. इंदूरच्या माणसाला बिनजिरावनचे पोहे सांगणं म्हणजे शिक्षाच, पण दहीभात तुमच्या घरी नवा नसणार. एकच बघा: तीच जखम त्याच जागी आहे, की जुनी भरते आणि नवी येते? एकच जखम तीन आठवडे भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर दातांच्या डॉक्टरांकडे. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवायला मोठा खर्च येत नाही.

पोटाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण मी स्वतः २००१ साली सिगरेट सोडली आणि साडेतीन महिन्यांनी पुन्हा धरली ती पोटाच्या नावाखाली. सकाळचा चहा, एक सिगरेट आणि मग संडास, हा क्रम आपल्याकडच्या निम्म्या पुरुषांचा असेल. निकोटिन आतड्यांना खरोखरच ढोसतं. ते ढोसणं बंद झालं की आतडी गोंधळतात, ही काही कल्पना नव्हे. मी मात्र "पोटासाठी एकच" म्हणत पुन्हा दहावर पोचलो. दुसऱ्यांदा, २००३ मध्ये, जे केलं ते सांगतो: रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर कोमट पाण्यात, आणि वरून आणखी पाणी. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आत गच्च बसतं. सकाळी उठल्यावर गरम पाणी, आणि रोज एकाच वेळी जाऊन बसायचं, आलं नाही तरी. पेरूचे दिवस आहेत, बाजरीची भाकरी आहे, पालेभाज्या आहेत. जाहिरातीतली चुरणं रोज घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच चुरणांत सनाय असते, तीही आतड्यांना ढोसणारीच, आणि एका ढोसणाऱ्याच्या जागी दुसरा बसवण्यात काय मतलब. मला तीन आठवडे लागले.

आता चहा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हाच उल्लेख, आणि तो तुम्ही तक्रार म्हणून नव्हे, उपाय म्हणून केलाय.

सिगरेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं. निकोटिनमुळे नव्हे, धुरामुळे. हेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफिन मोडतं. म्हणून सिगरेट ओढणारा माणूस दिवसभर चहा पितो आणि रात्री घोरतो. त्याच्या रक्तात कॅफिन टिकतच नाही. धूर थांबला की ते एन्झाइम काही दिवसांतच मूळ गतीवर येतं. चहा तेवढाच राहिला तरी रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. तुम्ही तर कप वाढवलेत. म्हणजे तुमच्या शरीराला आज आठ-नऊ कप जुन्या हिशेबाने पंधरा-सोळासारखे लागत असतील. आणि कॅफिन जास्त झालं की काय होतं? छाती धडधडते, हाताला कंप येतो, झोप मोडते, माणूस चिडतो. हुबेहूब तेच, जे सिगरेट सोडल्यावर होतं असं आपण ऐकलेलं असतं. म्हणून कुणी चहाकडे बघतच नाही.

मला हे दुकानात बसूनही फार उशिरा कळलं. कळल्यावर मात्र सिगरेट सोडलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारायचो: चहा किती?

तेव्हा हा प्रयोग करा. चहा एकदम बंद नको, नाहीतर डोकं ठणकेल आणि तेही सिगरेट सोडण्याच्या नावावर जाईल. दर दोन दिवसांनी एक कप कमी करत चारवर या. गुमटीवर पूर्ण कपाऐवजी कट घ्या. दुपारी दोननंतर नाही. संध्याकाळच्या चहातलं निम्मं कॅफिन चार-पाच तासांनीही रक्तात असतं, म्हणजे झोपायला जाता तेव्हा. हातात गरम काहीतरी हवंच असेल तर गवती चहा-आल्याचा काढा करून थर्मासमध्ये न्या. कारखान्यात दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी मागतील. दहा दिवसांनी बघा, रात्री दोनची जाग कुठे जाते. निकोटिनची मुदत संपलेली असताना पाचव्या आठवड्यातली धडधड त्याच्या नावावर लावणं मला पटत नाही, म्हणून माझा संशय चहावर. तरी डॉक्टरांना धडधडही सांगा, ईसीजी काढून घ्या. आणि छातीवर दाब आला, तो डाव्या हातात किंवा जबड्यात गेला, दरदरून घाम फुटला, तर चहाचा विचार करत बसायचं नाही, १०८ लावायचा.

याच एन्झाइममुळे आणखी एक गोष्ट, तुमच्यासाठी नसली तरी हे वाचणाऱ्या कुणासाठी असेल. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल, तर सिगरेट सोडल्यावर त्याच गोळीचा परिणाम वाढू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि (कारण वेगळं असलं तरी) मधुमेहाचं इन्सुलिन यांचंही मोजमाप पुन्हा बघावं लागू शकतं. गोळ्या स्वतःहून कमी करायच्या नाहीत, डॉक्टरांना फक्त सांगायचं की अमुक तारखेला सिगरेट सोडली.

झोपेबद्दल अजून एक. सिगरेट ओढतोय असं स्वप्न पडलं आणि दचकून, अपराध्यासारखे उठलात, तर ते नेहमीचं आहे. मला ते २००३ नंतरही कित्येक महिने पडायचं, आणि स्वप्नात ती सिगरेट फार छान लागायची.

वजनाची काळजी आत्ता करू नका. सिगरेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतंच, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. निकोटिन भूक मारायचं आणि शरीराचं इंधन थोडं जास्त जाळायचं, आणि आता जिभेला चवही परत आली आहे, तीही संक्रांतीच्या आणि तळलेल्या गराडूच्या दिवसांत. या वजनाने हृदयाला जे नुकसान होईल त्याहून सोडल्याचा फायदा मोठा आहे. पण एकाच वेळी डाएट आणि सिगरेट दोन्ही आघाड्या उघडल्या की माणूस दोन्हीकडे हरतो. खिशात फुटाणे ठेवा, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते, तेवढ्यात एक फेरी मारली तर ती ओसरते, हे मात्र मी अनुभवाने सांगतो. सराफ्यात रात्री अकराला खायला जायचं ते महिन्यातून एकदा.

खिशात फुटाणे, बडीशेप, वेलची, लवंग. सुपारी नाही. हे वेगळं लिहितो, कारण आपल्या भागात सिगरेट सुटते आणि पुडी लागते. गुटख्यावर मध्य प्रदेशात २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर एक करणारे तुम्हीही पाहता. "मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी" हेही चालणार नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करणारी म्हणून सिद्ध झालेली आहे, आणि तिच्यामुळे तोंड उघडेनासं होतं ते पूर्ववत होणं फार कठीण.

तुमच्या पत्रात निकोटिनच्या गमचा उल्लेख नाही. कदाचित तुम्हाला वाटत असेल की ती मदत म्हणजे चिटिंग. दुकानात कित्येक जण तसं बोलायचे. तसं नाही. नुकसान धुराने होतं. गममध्ये थोडं निकोटिन असतं, धूर नाही. पाच आठवडे झालेत, तलफ सोसवते आहे, तर तुम्हाला आता त्याची गरज नसेलही. पण दोन सिगरेटींचा विचार मनात घोळतोय, तर त्या दोन सिगरेटींच्या जागी गम शंभरपट बरा. फक्त तो च्युइंगगमसारखा चघळू नका. आपल्याकडे नव्वद टक्के लोक तेच करतात (हा माझ्या काउंटरचा अंदाज, अभ्यासाचा नव्हे) आणि मग उचकी लागते, छातीत जळजळतं, आणि "हे आपल्याला सूट होत नाही" म्हणून उरलेलं पाकीट परत करायला येतात. सावकाश चावायचा, जिभेला झणझणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झणझण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सोडा काही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. तोंड आलेलं असताना गम झोंबेल, तेव्हा दंडावर लावायची पट्टी असते. किती मिलिग्रॅमची आणि किती आठवडे, ते याच भेटीत डॉक्टरांना विचारा. गोळ्याही आहेत, पण त्या चिठ्ठीवरच. कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे. तुम्ही कचऱ्याच्या गाडीत टाकलेल्या पाकिटावर तो छापलेला होता.

गुमटी सोडू नका असं मी सांगणार आहे, आणि याबद्दल माझ्यावर टीका होईल. बरेच सल्लागार सांगतात, ती संगतच तोडा. पहिले दोन आठवडे ते बरोबरच होतं. पण कारखान्याच्या गेटसमोरची ती दहा मिनिटं तुमची दिवसातली एकमेव स्वतःची दहा मिनिटं असतील, आणि ती काढून घेतली तर तुम्ही सिगरेटसाठी नव्हे, त्या दहा मिनिटांसाठी परत जाल. जा, कट घ्या, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. मित्राने पाकीट पुढे केलं तर "सोडली" म्हणा, "सोडतोय" नाही. "सोडतोय"वाल्याला लोक दुसऱ्यांदा विचारतात.

वहिनींच्या वाक्यावर रागावू नका. पहिल्या आठवड्यातलं खेकसणं बहुतेक त्यांच्याच वाट्याला आलं असणार. हे पत्र त्यांना वाचायला द्या, निदान चहाचा भाग तरी, कारण घरातले कप त्याच मोजू शकतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दत्तजयंतीच्या चौकटीत खूण करा आणि तिथून पुढे प्रत्येक तक्रार कधी सुरू झाली, कधी गेली ते लिहा. डॉक्टरांना त्या पानाचा फोटो दाखवलात तर त्यांचा अर्धा वेळ वाचेल. आणि मन दोन आठवड्यांहून जास्त उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर तेही लिहा. त्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो.

डॉक्टर एक हिशेब करतील: रोजच्या सिगरेटी भागिले वीस, गुणिले वर्षं. तुमचा येतो अठरा. या आकड्यावरून ते पुढची तपासणी ठरवतात, म्हणून तो खरा सांगा. काउंटरवर मला सगळे जण "पाच-सहा होतात दिवसाला" असंच सांगायचे, आणि मागे उभी असलेली बायको माझ्याकडे बघून हळूच मान हलवायची. तेव्हा वहिनींना बरोबर न्या.